ब्रेझा की नेक्सॉन? रोज चालवायला छोटी पेट्रोल एसयूव्ही कशी निवडायची

दहा-बारा लाखांच्या बजेटमध्ये पेट्रोल एसयूव्ही बघायला निघालं की ढीगभर नावं समोर येतात, पण पुणं-मुंबई असो नाहीतर सातारा-कोल्हापूर-नाशिक, घरातली चर्चा बऱ्याचदा दोनच गाड्यांवर येऊन अडकते, मारुतीची ब्रेझा आणि टाटाची नेक्सॉन. दोन्ही ३९९५ मिमी लांब, व्हीलबेस २५०० आणि २४९८ म्हणजे सारखाच, वरच्या व्हेरियंटचे टायर पण एकाच मापाचे, २१५/६० आर१६. ब्रोशर शेजारी शेजारी ठेवले तर फरक शोधावा लागतो आणि गाडीत बसून ट्रॅफिकमध्ये शिरलात की मात्र फरक शोधावा लागत नाही, तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. रोजचं ड्रायव्हिंग म्हणजे पहिला, दुसरा, फार तर तिसरा गिअर, म्हणजे इंजिन २००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) खालीच फिरत असतं, त्यामुळे गाडीची परीक्षा तिथे घ्यायची. टॉप स्पीड, ० ते १०० किती सेकंदात, स्क्रीन किती इंचाची, हे सगळं नंतर. ऑफिसला जाता येता तुमचा डावा पाय आणि कंबर काय म्हणते हे आधी.

सगळ्यात आधी कागद घ्या आणि वापर लिहा

हे लोक करत नाहीत, थेट शोरूम गाठतात, आणि मग सेल्समन जे दाखवेल त्यावर चर्चा सुरू होते. घरी बसून एवढं लिहा: महिन्याला अंदाजे किती किलोमीटर होतात, त्यातलं शहरात किती आणि हायवेला किती. गाडी कोण कोण चालवणार, एकटे तुम्ही का बायको, वडील, मुलगी पण. मागच्या सीटवर नेहमी कोण बसतं, गुडघे दुखणारी आई का कारसीटमधलं बाळ. पार्किंग बेसमेंटला आहे का, रॅम्प किती चढाचा आहे. वर्षातून कोकणात किंवा गावाला किती वेळा जाता आणि तेव्हा गाडीत किती माणसं आणि किती सामान असतं.

यातला किलोमीटरचा आकडा प्रामाणिकपणे काढा, कारण पुढचं पैशाचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे. आत्ता गाडी असेल तर मागच्या दोन सर्व्हिसिंगच्या बिलांवर किलोमीटर लिहिलेले असतात, वजाबाकी करा, झालं. गाडी नसेल तर ऑफिसचं जाणं-येणं गुणिले कामाचे दिवस आणि वर तीसेक टक्के इकडचं तिकडचं, एवढं धरलं तरी चालतं.

इंजिन: इथेच खरा फरक आहे

ब्रेझाला १४६२ सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन आहे, साधं म्हणजे टर्बो नसलेलं. पॉवर १०३ पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, साधारण १३७ एनएम, तो पण पूर्ण मिळतो ४४०० आरपीएमला. नेक्सॉनला ११९९ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल, १२० पीएस आणि १७० एनएम, आणि हा टॉर्क १७५० आरपीएमपासूनच मिळायला लागतो. आता नुसते आकडे बघितले तर कोणीही म्हणेल नेक्सॉन घ्या, विषय संपला. पण १७५० च्या खाली काय होतं हे आकड्यात येत नाही आणि आपण ट्रॅफिकमध्ये असतो तिथेच.

टर्बो इंजिन चालतं कसं ते थोडक्यात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटं चाक फिरतं आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं म्हणजे जास्त ताकद. पण इंजिन हळू फिरत असेल तर धूर कमी, चाक हळू, हवा कमी. म्हणजे त्या क्षणाला तुमच्याकडे फक्त १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे आणि टनाच्या वरची गाडी ओढायची आहे. हिंजवडीला संध्याकाळी बम्पर टू बम्पर सरकताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी १०-१२ च्या स्पीडला आहे, पुढची गाडी हलली, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला, तर नेक्सॉन क्षणभर थांबते आणि मग एकदम उचलते. ब्रेझा तसं करत नाही, ती पहिल्यापासून हळूहळू पण सरळ रेषेत पुढे जाते, पाय जेवढा दाबाल तेवढंच. ज्यांना बारीक बारीक सरकत गाडी चालवायची आहे त्यांना हे फार सुखाचं पडतं, दुसऱ्या गिअरवरच निभावतं, पहिला टाकायची वेळ कमी येते.

उलट चित्र घाटात आणि हायवेला. चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि ताम्हिणी किंवा वरंधा घाट चढायचा आहे, तिथे ब्रेझा गिअर मागते. तिसऱ्यात मरगळली की दुसरा टाका, इंजिनचा आवाज वाढतो, गाडी चढते, अडत नाही, पण काम करून घ्यावं लागतं. नेक्सॉन तिथे तिसऱ्या गिअरवर आरामात ओढते कारण २००० च्या वर टर्बो पूर्ण जागा असतो. सातारा रोडला खंबाटकी चढताना ट्रकला ओव्हरटेक करायचा तर नेक्सॉनला आहे त्या गिअरमध्ये पाय दाबला की काम होतं, ब्रेझाला आधी एक गिअर खाली, मग ओव्हरटेक. ही ब्रेझाची खोट नाही, टर्बो नसलेल्या इंजिनचा स्वभावच असा असतो.

अजून एक, तीन सिलिंडरची थरथर. सिग्नलला उभं असताना, एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना, स्टिअरिंगवर हात ठेवून बघा आणि मागच्या सीटवर बसूनही बघा. नेक्सॉनमध्ये ती जाणवते, काही लोकांना दोन दिवसांनी लक्षातही येत नाही आणि काहींना रोज खुपते. ब्रेझाचं इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, बरंच शांत आहे, वर आरपीएम चढवले की मात्र आवाज करतं.

आणि टर्बो घेणार असाल तर ऑइलच्या बाबतीत कंजूषी नको. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल, वेळेवर बदललेलं. घाट चढून किंवा हायवेला जोरात येऊन लगेच इंजिन बंद करू नका, अर्धा-एक मिनिट आयडलला राहू द्या म्हणजे टर्बो थोडा थंड होतो. एवढंच पथ्य, त्याचा बाऊ करायची गरज नाही.

गिअरबॉक्स: ऑटोमॅटिक म्हणजे सगळे ऑटोमॅटिक सारखे नसतात

ब्रेझाला ५-स्पीड मॅन्युअल आणि ६-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. नेक्सॉन पेट्रोलला अगदी बेसला ५-स्पीड, बाकी ६-स्पीड मॅन्युअल, शिवाय ६-स्पीड एएमटी आणि वरच्या व्हेरियंटला ७-स्पीड ड्युअल क्लच, ज्याला टाटा डीसीए म्हणते.

एएमटी म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं. स्वस्त पडतं, ॲव्हरेज चांगलं देतं, पण गिअर बदलताना गाडी किंचित डुलते आणि हळूहळू सरकताना झटके देते. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, मुरलेला प्रकार, ट्रॅफिकमध्ये एकदम मऊ, ब्रेक सोडला की गाडी आपोआप पुढे सरकते, थोडं आळशी वाटेल पण पायाला त्रास शून्य. ड्युअल क्लच गिअर पटापट बदलतं, हायवेला मजा येते, मात्र बिघडलं तर खर्च मोठा असतो आणि तासन्‌तास सरकत्या ट्रॅफिकमध्ये क्लच तापण्याचा प्रश्न या प्रकारात एकूणच जास्त. ते घेणार असाल तर वाढीव वॉरंटी घेतल्याशिवाय घेऊ नका, हे मी ठामपणे सांगेन.

म्हणून माझं मत असं, रोज दोन-दोन तास शहरात जाणार असतील आणि बजेट ऑटोमॅटिकचं असेल तर ब्रेझाचा टॉर्क कन्व्हर्टर आणि नेक्सॉनची एएमटी या दोन्ही लागोपाठ चालवा. एकाच दिवशी. दुसऱ्या दिवशी चालवलं तर आठवण पुसट होते आणि आपण परत ब्रोशरकडे वळतो.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यायची

शोरूमचा ठरलेला रूट असतो, रिकामा रस्ता, दोन उजवी वळणं आणि परत. त्या रूटवर कुठलीही नवी गाडी छानच वाटते. तुम्ही फोन करून सांगा की गाडी घरी आणा आणि संध्याकाळी सहानंतर आणा. बहुतेक ठिकाणी आणतात, नाही म्हणाले तर दुसऱ्या डीलरला फोन लावा. जे व्हेरियंट घ्यायचं आहे तोच गिअरबॉक्स हवा, मॅन्युअल घ्यायची असताना ऑटोमॅटिक चालवून काही उपयोग नाही. डिझेल तर मुळीच नको, नेक्सॉनमध्ये डिझेलही येते आणि तिचा खालचा टॉर्क वेगळाच आहे, त्यावरून पेट्रोलचा अंदाज बांधाल तर फसाल.

गाडी आली की आधी चालवायची घाई करू नका. सीट तुमच्या मापाने लावा, आरसे लावा, क्लच पूर्ण दाबून बघा, गुडघा स्टिअरिंगला लागतो का. डावा पाय क्लचवरून काढल्यावर ठेवायचा कुठे हे बघा, नेक्सॉन मॅन्युअलमध्ये तिथली जागा तंग आहे आणि मोठ्या बुटांच्या माणसाला हे हायवेला तासाभराने जाणवतं. घरातली जी बुटकी व्यक्ती गाडी चालवणार आहे तिलाही बसवा आणि तिला बोनेटचा पुढचा भाग दिसतो का विचारा. ब्रेझाची उंची १६८५ मिमी आहे, नेक्सॉनची १६२०, त्यामुळे ब्रेझात बसणं जरा खुर्चीवर बसल्यासारखं होतं आणि काचाही मोठ्या आहेत, गर्दीत बाजूची दुचाकी पटकन दिसते. नेक्सॉनमध्ये पुढचा खांब जाड वाटतो, उजवं वळण घेताना त्याच्यामागे एखादी स्कूटर लपते का ते मुद्दाम बघा.

मग एसी पूर्ण चालू करून, घरातली तीन-चार माणसं बसवून, रोजच्या रस्त्याने निघा. स्पीड ब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये जवळजवळ थांबल्यासारखं जा आणि गिअर न बदलता परत उचला. इथे एक गाडी कुरकुरेल आणि एक निघून जाईल, कुठली ते तुमच्याच पायाला कळू दे. नंतर सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर मधोमध थांबवा, हँडब्रेक न लावता, आणि चढावर परत सुरुवात करा. मॅन्युअल असेल तर हाफ क्लचला किती रेस द्यावी लागते, एएमटी असेल तर गाडी मागे किती येते, हिल होल्ड (चढावर गाडी मागे येऊ न देणारी सोय) त्या व्हेरियंटला आहे का नाही, सगळं त्या एका चढावर समजतं. पुण्या-मुंबईच्या नव्या बिल्डिंगांचे रॅम्प इतके उभे असतात की ज्याला रोज सकाळी तिथून गाडी काढायची आहे त्याच्यासाठी शोरूमच्या कुठल्याही फीचरपेक्षा ही चाचणी मोठी.

खड्ड्यांचा रस्ता सोडू नका. नेक्सॉनचं सस्पेन्शन खड्डे छान पचवते, स्पीड असतानाही गाडी जमिनीला धरून राहते, ग्राउंड क्लिअरन्स २०८ मिमी आहे. ब्रेझा हळू जाताना आरामदायी आहे, पण जोरात वळणावर उंचीमुळे थोडी झुकते. ज्यांच्या घरी कोणाला गाडी लागते त्यांनी मागे त्यालाच बसवावं, उत्तर लगेच मिळेल.

आणि एक छोटी गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. गाडी चालू असताना, नजर रस्त्यावर ठेवून, एसीचा फॅन कमी करून बघा. ब्रेझाला एसीची खरी बटणं आहेत, हाताला लागतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या नव्या नेक्सॉनला तिथे टच पॅनल दिलंय, तापमान आणि फॅनसाठी दोन दांड्या आहेत पण बाकीचं काचेवर बोट लावूनच करावं लागतं, म्हणजे बघावं लागतं. दिसायला देखणं आहे, वाद नाही. पण पावसाळ्यात काच धुरकट झाली, समोर बस उभी आहे आणि तुम्ही डिफॉगरचं बटण शोधताय, तेव्हा देखणेपण उपयोगाला येत नाही.

मागची सीट आणि डिकी

वयस्कर माणसं रोज बसणार असतील तर ब्रेझा. उंच छप्पर, सरळ सीट, चढता-उतरताना डोकं वाकवावं लागत नाही. नेक्सॉनचं छप्पर मागे उतरतं आणि काच लहान होते, बसायला जागा चांगली आहे पण आत जरा बंदिस्त वाटतं. डिकी मात्र नेक्सॉनची मोठी, ३८२ लिटर, ब्रेझाची ३२८. गणपतीला गावी जाताना हा फरक एका मोठ्या बॅगेचा पडतो. कारसीट लावणार असाल तर सोबत घेऊन जा आणि तिथेच लावून बघा, आयसोफिक्स (कारसीट अडकवायचे हुक) दोन्हीला आहे पण सीट लावल्यावर पुढच्या माणसाला किती सरकावं लागतं ते प्रत्यक्षच कळतं.

सेफ्टी

इथे नेक्सॉन पुढे आहे आणि हे मी गुळमुळीत बोलणार नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये (गाड्या आदळवून सेफ्टी तपासतात ती चाचणी) ५ स्टार मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी, नंतर फेसलिफ्टला, म्हणजे २०२३ च्या नव्या रूपाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या कडक नियमांनुसार परत ५ स्टार, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत एनकॅपमध्येही ५ स्टार, मोठ्यांसाठी ३२ पैकी २९.४१ गुण. ब्रेझाच्या बाबतीत जो ४ स्टारचा उल्लेख होतो तो २०१८ चा, जुन्या विटारा ब्रेझाचा, तेव्हाचे नियमही वेगळे होते. आत्ताची ब्रेझा २०२२ च्या जूनमध्ये आली. त्यामुळे ते ४ आणि हे ५ एकमेकांशेजारी ठेवून "एकाच स्टारचा तर फरक" असं म्हणू नका, ते दोन वेगळे पेपर आहेत. सहा एअरबॅग आता दोन्हीला बेसपासून आहेत.

तुमचा रोजचा रस्ता हायवेचा असेल, म्हणजे चाकण, रांजणगाव, पनवेल असं ट्रकच्या सोबतीने जाणं-येणं असेल, तर या मुद्द्याला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वजन द्या. आणि मागच्या सीटवरच्यांनी पट्टा लावायचा, कुठलीही गाडी घ्या.

पैशाचं गणित, शांतपणे

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला आणि या दोन गाड्यांमधलं अंतरही बदललं. चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, त्याच्या वर गेलं की ४० टक्के. नेक्सॉन ११९९ सीसी म्हणून १८ मध्ये बसते, ब्रेझा १४६२ सीसी म्हणून लांबी आत असूनही ४० मध्ये जाते. आधी हा कर सेस धरून २९ आणि ४५ होता, म्हणजे दोन्ही स्वस्त झाल्या पण नेक्सॉन जास्त. त्या कपातीनंतर बेसच्या एक्स-शोरूम किमती नेक्सॉनच्या साधारण ७.३२ लाख आणि ब्रेझाच्या ८.२६ लाखांपासून सुरू झाल्या. बेसवरून निर्णय घेऊ नका पण, तुम्हाला लागणारी फीचर्स लिहा (मागचा कॅमेरा, मागे एसी व्हेंट, सीटची उंची कमी-जास्त करणं, एवढी रोज लागतात) आणि ती ज्या व्हेरियंटला पहिल्यांदा मिळतात त्या दोन व्हेरियंटची ऑन-रोड तुलना करा.

महाराष्ट्रात पासिंग करताना पेट्रोल गाडीला एक्स-शोरूम दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आणि दहा ते वीस लाखांमध्ये १२ टक्के, तो पण पूर्ण रकमेवर. म्हणजे ९.९० लाखांच्या गाडीला १,०८,९०० आणि १०.१० लाखांच्या गाडीला १,२१,२००. वर दहा लाख ओलांडले की १ टक्का टीसीएस (आगाऊ इन्कम टॅक्स) कापतात, तो रिटर्न भरताना मिळतो पण त्या दिवशी खिशातून जातोच. तेव्हा तुमचं व्हेरियंट दहाच्या जरासं वर जात असेल तर एक पायरी खालचं घेऊन सीट कव्हर, फ्लोअर मॅट बाहेरून टाकलेले परवडतात का बघा. बऱ्याचदा परवडतात.

आता पेट्रोल. कंपनीचे ॲव्हरेजचे आकडे लॅबमधले असतात, ब्रेझा मॅन्युअलचे व्हेरियंटप्रमाणे सतरा ते वीस आणि नेक्सॉनचे सतराच्या आसपास. शहरात एसी लावून तुम्हाला ब्रेझा १३ आणि नेक्सॉन ११ देईल असं धरून चालू. महिन्याला १००० किमी, पेट्रोल १०५ रुपये. ब्रेझाला ७७ लिटर म्हणजे आठ हजार ऐंशीच्या आसपास, नेक्सॉनला ९१ लिटर म्हणजे साडेनऊ हजार. फरक महिन्याला साधारण १४७०, वर्षाला साडेसतरा हजार, पाच वर्षांत ८८ हजार. महिन्याला ५०० किमीच होत असतील तर हाच फरक ४४ हजार, मग तो दोन्ही गाड्यांच्या किमतीतल्या फरकात सहज वसूल होतो. आता कळलं असेल की सुरुवातीला किलोमीटर का लिहायला सांगितले. टर्बो गाडी जोरात हाणली तर पेट्रोल अजून पिते, ॲव्हरेज तुमच्या उजव्या पायावर आहे, आणि हे नेक्सॉनला ब्रेझापेक्षा जास्त लागू.

लोन सात वर्षांचं करून हप्ता छोटा दाखवतात, त्याला लगेच हो म्हणू नका. ९ टक्क्यांनी एक लाखाला पाच वर्षांचा हप्ता २०७६ येतो आणि सात वर्षांचा १६०९, पण सात वर्षांत लाखामागे व्याज पाच वर्षांपेक्षा दहा हजारांहून जास्त पडतं. सात लाखांच्या लोनला ते पाऊण लाखाच्या घरात जातं.

महिन्याला १५०० किमीच्या वर होत असेल तर पेट्रोलच्या ऐवजी सीएनजीचा विचार करा, दोन्हीला येते, फक्त तुमच्या रस्त्यावर पंपाची रांग किती असते ते आधी बघून या.

सर्व्हिस सेंटर

या मुद्द्यावर मित्रांची भांडणं होतात, पण कंपनी चांगली की वाईट असा हा प्रश्नच नाही, तुमच्या घराजवळचं वर्कशॉप कसं आहे हा आहे. मारुतीचं जाळं मोठं, तालुक्याच्या गावीही सेंटर मिळतं, शिवाय ब्रेझाचं हे इंजिन अर्टिगा, एक्सएल६, ग्रँड विटारामध्येही आहे म्हणून बाहेरच्या मेकॅनिकच्याही ते हाताखालचं. नेक्सॉन आपल्या रांजणगावला बनते, रस्त्यावर भरपूर आहेत, तरी एका सेंटरचा अनुभव दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. म्हणून शनिवारी सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला तुमच्या जवळच्या दोन्ही सेंटरच्या वेटिंगमध्ये जाऊन बसा. गाडी घ्यायला आलेल्या लोकांशी बोला, सांगितलेल्या वेळेला गाडी मिळाली का, एस्टिमेट आणि बिल जुळलं का, एकाच तक्रारीसाठी परत यावं लागलं का. अर्ध्या तासात जे कळतं ते दहा व्हिडिओ बघून कळत नाही.

स्टँडर्ड वॉरंटी आता दोन्हीकडे ३ वर्षं किंवा १ लाख किमी आहे, मारुतीने ती जुलै २०२४ मध्ये वाढवली. रिसेलला ब्रेझा अजूनही वरचढ आहे, चार-पाच वर्षांत गाडी बदलायची सवय असेल तर हे धरा, दहा वर्षं वापरणार असाल तर सोडून द्या.

मग कोणी कुठली घ्यायची

रोज शहरात अडकणं, घरात म्हातारी माणसं, ऑटोमॅटिक हवी, महिन्याला हजारच्या वर किलोमीटर आणि चालवणारा शांत, तर ब्रेझा, आणि त्यातही टॉर्क कन्व्हर्टर. रोज हायवे किंवा घाट, गाडीत लहान मुलं, सामान जास्त, किलोमीटर मध्यम, चालवायची हौस असेल तर नेक्सॉन मॅन्युअल. दोन्ही थोडं थोडं असेल तर मी स्वतः सेफ्टीकडे झुकेन आणि नेक्सॉन घेईन, पण रॅम्पची चाचणी पास झाली तरच. घरात जो सर्वात जास्त चालवणार आहे त्याचं मत दुप्पट धरा.

बुकिंगपासून किल्ली हातात येईपर्यंत

एकाच गाडीचं कोटेशन किमान दोन डीलरकडून लेखी घ्या, ओळीनिहाय: एक्स-शोरूम, टॅक्स, इन्शुरन्स, फास्टॅग, ॲक्सेसरीज. "हँडलिंग" किंवा "लॉजिस्टिक" नावाची ओळ दिसली तर काढायला सांगा, ती द्यायचं तुमच्यावर बंधन नाही. इन्शुरन्सही डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरून त्याच कव्हरचं कोटेशन काढून समोर ठेवलं की त्यांचा आकडा खाली येतो. थर्ड पार्टी तीन वर्षांचा घ्यावाच लागतो आणि दोन्ही गाड्या १००० ते १५०० सीसीच्या एकाच गटात असल्याने तिथे फरक नाही. झिरो डेप (पार्टची झीज न कापता क्लेम देणारं कव्हर) घ्याच, आणि मुंबई-ठाण्यासारखं पाणी साचणारं गाव असेल तर इंजिन प्रोटेक्टही. पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट करू नका, क्लेम तिथेच अडकतो.

पासिंगच्या आधी गाडी बघायला मिळाली पाहिजे हे बुकिंगच्या वेळीच सांगा आणि मेसेजवर लिहून घ्या, एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की गाडी बदलून मिळणं महाकठीण. दिवसाउजेडी जा, तळघरात ट्यूबलाइटखाली रंगातला फरक दिसत नाही. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवा, बनवल्याचा महिना विचारा, दोन-तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर कारण आणि सूट दोन्ही मागा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष, म्हणजे ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी धरून, आणि तिचं माप बाकीच्यांसारखंच आहे का तेही. दारांच्या कडेला आणि बम्परच्या फटीत बोट फिरवा, एका बाजूची फट दुसऱ्यापेक्षा मोठी असेल तर विचारा. इंजिन चालू करून एसी, सगळ्या काचा, वायपर, हॉर्न, कॅमेरा, प्रत्येक चार्जिंग पॉइंट तपासा, ओडोमीटरचा फोटो काढा. काही खटकलं तर तिथेच फोटोसकट मेल टाका आणि दुरुस्त करून देतो असं म्हणाले तर नुसत्या तोंडी शब्दावर सही करू नका, गाडी दुसरी मागा. पूर्ण पैसे हे सगळं झाल्यावरच द्या.